वहीत केलेला असेंब्लर

संगणकाला ० आणि १ याखेरीज काही कळत नाही, असे आपण वर्गात सांगतो. मग हे आकडे त्याला तयार करून कोण देत असे? कधीकधी माणूसच.

१९७५-७६ साली अमेरिकेत स्टीव्ह वॉझ्निअॅक हा तरुण अभियंता ६५०२ या मायक्रोप्रोसेसरवर स्वतःचा संगणक जुळवीत होता. असेंब्ली भाषेतील आज्ञांचे आकडे करून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे असेंब्लर, मोठ्या संगणकावर भाड्याने वापरता येई. ते भाडे त्याला परवडत नव्हते. तेव्हा तो कागदावर आज्ञा लिही आणि शेजारी स्वतःच आकडे मांडी. 'एलडीए #५' म्हणजे कप्प्यात ५ ठेव. तक्ता पाहून लिहायचे ए९ ०५ (षोडशमान पद्धतीत). इथवर सोपे आहे. खरी कटकट उड्यांची! उडी किती घरांची, हे मोजून लिहावे लागे. मागे जायचे तर ते अंतर २५६ मधून वजा करून. मध्येच एखादी विसरलेली आज्ञा घुसवली, की तिच्यावरून जाणारी प्रत्येक उडी पुन्हा मोजायची. आम्ही दहाच आज्ञा अशा करून पाहिल्या, तर दोनदा चुकलो. त्याने सुमारे ४ किलोबाइटची बेसिक भाषा अशी हाताने उतरवली.

१९७७ च्या अॅपल २ मध्ये त्याने रॉममध्येच छोटा असेंब्लर दिला. तो उडीचे अंतर स्वतः मोजी. मात्र ठिकाणांना नावे देता येत नसत, पत्ते आपणच सांभाळायचे. १९७९ च्या अॅपल २ प्लसच्या रॉममध्ये तो नव्हता. १९८५ मध्ये सुधारित अॅपल २ई मध्ये तो परतला.