देवणीच्या कालवडीचा पणजा कोण?

लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावानं गायींची एक अख्खी जात ओळखली जाते. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तिचे तीन प्रकार. गाय दुधाला, बैल शेतीला. या जातीत एक प्रश्न कायम येतो: कालवड माजावर आलीय, पण गावातला वळू तिचा बाप किंवा आजा तर नाही ना?

१९२२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी या नात्याला आकडा दिला. बाप-लेकीच्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के. एकाच वळूच्या, पण वेगवेगळ्या गायींच्या पोटच्या भावंडांचा १२.५ टक्के. आकडा वाढला की दूध, गाभण राहणं आणि वासराची तग, तिन्ही घटायचा धोका.

आता हे संगणकाला कसं विचारायचं? प्रत्येक जनावराची एक ओळ: बिल्ला क्रमांक, आई, बाप. १९६८ ची आयबीएमची आयएमएस प्रणाली माहिती झाडासारखी रचायची. मूळ रचनेत एका नोंदीला वर एकच पालक. वासराला तर दोन! १९७० मध्ये एडगर कॉड यांनी साध्या तक्त्यांची कल्पना मांडली आणि ही अडचण सुटली. पण दुसरी आली. आजा हवा असेल तर तक्ता स्वतःलाच एकदा जोडायचा, पणजा हवा तर दोनदा. आणि ‘सगळे पूर्वज’ हवे असतील तर? किती वेळा जोडायचं हे आधी ठाऊकच नसतं. १९७९ मध्ये आहो आणि उलमन यांनी सिद्धच केलं, की कॉड यांच्या मूळ बीजगणितात हे सांगताच येत नाही.

उत्तर आलं १९९९ च्या एसक्यूएल मानकात: ‘विथ रिकर्सिव्ह’. पहिला भाग कालवडीची ओळ उचलतो. दुसरा भाग नुकत्याच सापडलेल्या ओळींचे आईबाप शोधतो, मग त्यांचे, आणि नवीन ओळ मिळेनाशी झाली की थांबतो. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००९ मध्ये आली, मायएसक्यूएलमध्ये थेट २०१८ मध्ये.

करून बघणार असाल तर एक सांभाळा. दोन भाग जोडताना ‘युनियन’ नको, ‘युनियन ऑल’ वापरा. नुसतं ‘युनियन’ सारख्या ओळी गाळतं. एकच वळू आईकडून आणि बापाकडूनही आला, हेच तर आपल्याला पकडायचंय. तीच ओळ गळाली तर काय उपयोग? आणि चुकीच्या नोंदीमुळे वासरू स्वतःचंच पूर्वज ठरलं तर शोध गोल गोल फिरत राहील, म्हणून पिढ्यांची मर्यादा घाला.

पण सगळ्यात फसवा असतो तो बापाचा रिकामा रकाना. तिथे शोध गुपचूप थांबतो आणि गुणांक शून्य दिसतो. तो शून्य म्हणजे ‘नातं नाही’ असं नव्हे, ‘नोंद नाही’ एवढंच. त्यामुळे तुमच्या गोठ्यात गाय असेल तर ती फळवली त्याच दिवशी वळूचा क्रमांक वहीत लिहा. पुढच्या कुठल्याही क्वेरीला तो मागाहून शोधता येणार नाही.