हिग्ज बोसॉनची युग्मने : भावी कोलायडरमधील मापन

हिग्ज बोसॉनची इतर मूलकणांशी होणारी आंतरक्रिया किती प्रबळ आहे, हे दाखवणाऱ्या राशींना त्याची युग्मने म्हणतात. स्टँडर्ड मॉडेल या प्रचलित सिद्धांतानुसार क्वार्क व लेप्टॉन यांच्याशी असलेले युग्मन त्यांच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते, तर डब्ल्यू व झेड बोसॉनांच्या बाबतीत ते वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे युग्मने मोजणे म्हणजे कणांना वस्तुमान कसे मिळते याच प्रश्नाची तपासणी होय.

सर्नच्या 27 किमी. परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरवरील (एलएचसी) अ‍ॅटलास व सीएमएस या प्रयोगांनी 4 जुलै 2012 रोजी या कणाचा शोध जाहीर केला. त्याचे वस्तुमान सु. 125 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. टॉप व बॉटम क्वार्कांशी त्याचे युग्मन 2018 मध्ये थेट दिसून आले. एलएचसीच्या वाढीव तीव्रतेच्या टप्प्यात बहुतेक प्रमुख युग्मने काही टक्क्यांपर्यंत अचूक कळतील. पण 1000 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे नवे कण असले, तर त्यांच्यामुळे युग्मनांत पडणारा फरकही साधारण काही टक्क्यांचाच असतो. म्हणून टक्क्याच्या आतली अचूकता हवी.

प्रोटॉन-टकरीत आणखी एक मूलभूत अडचण आहे. तेथे निर्मितीचा दर आणि विशिष्ट क्षयाचे प्रमाण यांचा गुणाकारच हाती येतो. एकेक युग्मन सुटे करायचे तर काही गृहीत धरावे लागते. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरचे खरे मोल अचूकतेपेक्षाही या गृहीतकातून होणाऱ्या सुटकेत आहे. टकरीची एकूण ऊर्जा, समजा 240 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, आधीच ठाऊक असते. झेड व हिग्ज एकत्र निर्माण झाले आणि झेडचा दोन म्यूऑनांत क्षय झाला, की चुंबकीय क्षेत्रात वळलेल्या त्यांच्या मार्गांवरून संवेग काढतात. एकूण ऊर्जा-संवेगातून म्यूऑनांचा वाटा वजा केला की उरलेल्याचे वस्तुमान मिळते आणि आलेखावर 125 पाशी शिखर उभे राहते. हिग्जचा क्षय कशातही होवो, अगदी अदृश्य कणांतही, ती घटना मोजली जातेच. यावरून हिग्ज-झेड युग्मन निरपेक्षपणे ठरते आणि त्याच्या आधारे बाकीची युग्मने व हिग्जची क्षयरुंदीही काढता येते. ही रुंदी जेमतेम 41 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट अपेक्षित आहे. शोधकांच्या विभेदनक्षमतेपुढे ती इतकी अरुंद आहे की थेट मोजता येत नाही.

एलएचसीच्याच बोगद्यात पूर्वी असलेला लेप हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर 2000 साली बंद झाला, तेव्हा तो 209 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचला होता. झेड व हिग्ज यांच्या जोडीला सु. 216 लागतात. एवढ्याशा फरकाने ती संधी हुकली.

सर्नचा सु. 91 किमी. परिघाचा एफसीसी, चीनचा सु. 100 किमी.चा सीईपीसी आणि जपानमध्ये उभारण्यासाठी सुचवलेला सरळ रेषेतला आयएलसी हे प्रमुख प्रस्ताव आहेत. वर्तुळाकार यंत्रांत दहा लाखांहून अधिक हिग्ज मिळतील. सरळ यंत्रात ध्रुवित शलाका वापरता येतात आणि पुढे लांबी वाढवून ऊर्जाही वाढवता येते. अशा यंत्रांत शलाकांतून निघणाऱ्या फोटॉनांच्या परस्पर टकरींतून हेड्रॉनांचा गोंगाट होऊ शकतो, हे पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले (1952–2024) व मानुएल ड्रीस यांनी दाखवून दिले. स्वच्छ मापनाची मदार असलेल्या यंत्रासाठी हा इशारा फार मोलाचा होता.

सर्वांत दुर्गम आहे ते हिग्जचे स्वतःशीच असलेले युग्मन. हिग्ज क्षेत्राच्या विभवाचा आकार आणि विश्वारंभीचे त्याचे स्थित्यंतर यांचा माग त्यातून लागेल. ते थेट मोजायला दोन हिग्ज एकाच वेळी निर्माण होण्याच्या घटना लागतात; त्या अतिशय विरळ असल्याने 240 अब्जांच्या कितीतरी पुढे जावे लागते; एफसीसीच्या बोगद्यात नंतर बसवायच्या प्रोटॉन यंत्राकडून सु. 5 टक्के अचूकतेची अपेक्षा आहे.