ताजा गिलावा आणि सिसेरो

पडकं घर स्वस्तात घ्यायचं, डागडुजी करायची आणि चढ्या भावाने विकायचं, हा उद्योग आजचा नाही. यातल्या खरेदीचं तंत्र पाहायचं तर रोमच्या क्रॅससकडे पाहावं. जळती आणि आगीशेजारची घरं तो विकत घेई. घाबरलेले मालक मिळेल त्या किमतीला देत. पाचशेहून जास्त गुलाम त्याच्याकडे होते, सगळे बांधकामातले जाणकार. हे प्लुटार्क सांगतो. (क्रॅससचे स्वतःचे बंब होते, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. प्लुटार्कमध्ये बंब नाहीत!)

पण खरा पेच विक्रीच्या वेळचा. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात एक उदाहरण आहे. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात, लाकूड कुजकं आहे; आणि हे फक्त मालकाला ठाऊक. त्याने गप्प राहून विकलं तर? डायोजेनिस नावाचा स्टोइक म्हणतो, जबरदस्ती तर केली नाही ना? तुला आवडलं, तू घेतलंस. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, ही वाट चुकलेल्याला जाणूनबुजून आणखी चुकवण्याची गत झाली. सिसेरो शिष्याच्या बाजूचा. मीही.

आणि हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. सेंटुमालस नावाच्या गृहस्थाला शकुन पाहणाऱ्या पुरोहितांनी हुकूम दिला : तुझ्या घराची उंची आड येते, तेवढा भाग पाड. त्याने काय केलं, घरच विकायला काढलं! घेणाऱ्याला मग तोच हुकूम आला. प्रकरण न्यायाला गेलं. निवाडा असा, की विकणाऱ्याला माहीत होतं आणि तो बोलला नाही, म्हणून नुकसान त्याने भरावं.

गंमत म्हणजे ग्रंथ लिहिला त्याच वर्षी सिसेरोच्या स्वतःच्या मालकीची दोन दुकानं कोसळली होती, बाकीच्यांना तडे गेले होते. भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा पळाले, असं तो मित्राला कळवतो. आणि या तोट्यातून नफा काढायची योजना आखलीय, हेही.

आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम विकणाऱ्याला बोलायला लावतं. मात्र दोष मोठा हवा, आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण दक्षता घेऊनही न दिसणारा हवा. वैशाखात ताज्या गिलाव्याखालची ओल ओळखणं ही सर्वसाधारण दक्षता म्हणायची का?