संमतिवयाचा कायदा (१८९१) : स्वातंत्र्य कोणाचे?

व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायदा यांच्यातील विरोध हा राज्यशास्त्राचा जुना विषय होय. तथापि हा विरोध सदैव व्यक्ती व शासन या दोनच पक्षांत असतो, असे गृहीत धरल्यास पुष्कळ ऐतिहासिक वादांचा उलगडा होत नाही. संमतिवयाच्या कायद्याचा वाद हा त्यांपैकी एक आहे.

१८६० च्या दंडसंहितेने पत्नीशी शरीरसंबंध ठेवण्यास तिचे वय किमान दहा वर्षे असावे, असे ठरविले होते. कलकत्त्याची फुलमणी दासी ही या मर्यादेहून किंचित मोठी मुलगी पतीने केलेल्या संबंधामुळे मरण पावली. १८९० साली पती हरिमोहन मैती याच्यावर खटला झाला. परंतु तिचे वय दहाहून अधिक असल्याने बलात्काराचा गुन्हा कायद्याने होऊच शकत नव्हता. अविचारी कृत्याने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची कैद झाली. ही उणीव दूर करणारे विधेयक सर अँड्र्यू स्कोबल यांनी ९ जानेवारी १८९१ रोजी मांडले. १९ मार्च रोजी ते संमत होऊन मर्यादा बारा वर्षांवर आली.

महाराष्ट्रात या विधेयकास टिळकांनी ‘केसरी’तून कडवा विरोध केला. ते बालविवाहाचे अभिमानी होते म्हणून हा विरोध झाला, असे म्हणणे यथार्थ नव्हे. मुलींचा विवाह सोळा व मुलांचा वीस वर्षांपूर्वी करू नये, हे बंधन सुधारकांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावे, अशी सूचना त्यांनीच १८९० साली केली होती. त्यांचा आक्षेप कायदा करणाऱ्याच्या अधिकारावर होता. विधिमंडळात लोकनियुक्त सभासद एकही नव्हता, आणि १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन होते. उलटपक्षी आगरकरांनी ‘सुधारका’तून कायद्याचा पुरस्कार केला. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी विधेयक शास्त्रविरुद्ध नाही, हे धर्मग्रंथांच्या आधारे दाखविले.

टिळकांचा आक्षेप राजकीयदृष्ट्या निराधार नव्हता. त्याच वर्षी विधेयकावर प्रखर टीका करणाऱ्या ‘बंगवासी’ पत्रावर सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. पुढे १८९७ व १९०८ साली त्याच १२४ अ कलमाखाली खुद्द टिळकांना शिक्षा झाली. मुलीचे रक्षण करणारे शासन आणि टीकाकाराचे तोंड बंद करणारे शासन एकच होते.

परंतु या युक्तिवादात एक पक्ष गृहीतच धरला गेला नाही. समाजाचे स्वातंत्र्य म्हणजे व्यवहारात कुटुंबप्रमुखाचे व पतीचे स्वातंत्र्य होते. दहा वर्षांच्या मुलीला ते स्वातंत्र्य नव्हतेच. सुधारणा स्वेच्छेने व्हावी हे तत्त्व मान्य केले, तरी ती होईपर्यंतचा धोका जिने पत्करावयाचा तिची इच्छा कोणी विचारली नव्हती.

कायद्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पतीविरुद्धच्या अशा गुन्ह्याची दखल जिल्हा किंवा मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटनेच घ्यावी आणि तपास इन्स्पेक्टरहून खालच्या अधिकाऱ्याकडे देऊ नये, अशी तरतूद झाली. पोलिसांचा उपद्रव त्यामुळे टळला. पण पीडितेचा मार्गही दुर्गम झाला. शिवाय ‘संमती’ हा शब्द फसवा होता. कायदा वय मोजत होता, इच्छा नव्हे. पतीकडे नांदावयास जाण्यापेक्षा कैद पत्करण्याची तयारी १८८७ साली दाखविणाऱ्या रखमाबाईंनी जो प्रश्न विचारला होता, त्याला या कायद्यात उत्तर नव्हते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींची विवाहमर्यादा चौदा वर्षे केली. अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१७ साली.

सारांश, एखादा कायदा स्वातंत्र्याचा संकोच करतो की विस्तार, हे ठरविताना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात : तो करणारी सत्ता लोकांना उत्तरदायी आहे काय, आणि तो नसता तर कोणाचे स्वातंत्र्य कोणाच्या हाती राहिले असते? १८९१ साली टिळकपक्षाने पहिला प्रश्न विचारला, आगरकरपक्षाने दुसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवल्यानेच तो वाद इतका कटू झाला.