सोळा खुणांचा पाऊस

१९०९चा मे संपत आलाय आणि तुम्ही सिमल्यात, हवामान खात्याच्या कचेरीत कारकून आहात. टेबलावर चार गठ्ठे: हिमालयातला बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेचा दाब, झांझिबारचा पाऊस. या चार खुणांवरून यंदाचा मॉन्सून सांगायचाय. साहेब गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती. त्यांच्या आधी, १८९९ साली खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता. पडला भीषण दुष्काळ.

पेन्सिल घ्या. एकेका जुन्या वर्षी मॉरिशसचा दाब सरासरीच्या किती वर-खाली होता? त्या वर्षी इथला पाऊस? दोन्ही फरकांचा गुणाकार करा आणि चिन्हासकट रकान्यात मांडा. असं वर्षामागून वर्ष. शेवटी बेरीज उणे येते: तिकडे दाब चढला की इकडे पाऊस ओढ देतो. का, ते आकडे सांगत नाहीत.

पाच वर्षं पुढे या. गठ्ठे वाढलेत आणि वॉकर सावध झालेत. पुष्कळ खुणा तपासल्या की त्यातली एखादी निव्वळ योगायोगानेही झकास जुळते. मग तीच निवडून तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? १९१४ साली ते यासाठी गणिती कसोटीच मांडतात. पुढे याच आकडेमोडीतून त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका सापडतो. त्याची एल निन्योशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, सांगड हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस घालतात, त्याला १९६९ साल उजाडतं.

आता पुण्यात उतरा. १९२८मध्ये कचेरी इथे आली, म्हणून पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. साल २००२. १९८८पासून वापरात असलेलं, शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा खुणांचं मॉडेल सांगतंय: सरासरीच्या १०१ टक्के पाऊस. तुम्ही निर्धास्त आहात. इतकी वर्षं 'दुष्काळ नाही' म्हटलं आणि तो पडलाही नाही.

जुलै कोरडा जातो. देशभर निम्म्याच्या आसपास पाऊस. हंगाम संपतो ८१ टक्क्यांवर.

जुन्या फायली काढल्यावर गोम कळते. १९८८ ते २००१ या काळात देशव्यापी दुष्काळ पडलाच नव्हता. म्हणजे दरवर्षी 'दुष्काळ नाही' म्हणणारा पोपटही तितकाच खरा ठरला असता! शिवाय काही खुणांचं पावसाशी असलेलं नातं मधल्या काळात सैल झालं होतं. २००३मध्ये खातं आठ आणि दहा खुणांची नवी मॉडेल्स आणतं.

मॉडेलचं यश मोजताना किती वर्षं बरोबर आलं एवढ्यावर थांबू नका. त्या वर्षांत ते चुकण्याची संधी किती होती, आणि खुणा निवडताना न पाहिलेल्या वर्षांवर ते टिकतं का, हे आधी विचारा.