बाळासाठी पाळणा, गादी, उशी घेताना काय तपासावे? काय घ्यावे, काय टाळावे?

बाळ घरी येण्याआधीच वस्तूंची रांग लागते. बाळंतविड्यात मऊ दुलई, मोहरीची उशी आणि दोन बाजूंना लावायचे छोटे लोड येतात. मोबाइलवर ‘बेबी नेस्ट’, रॉकर आणि झालरीच्या पाळण्यांच्या जाहिराती दिसू लागतात. सगळ्याच वस्तू दिसायला गोड असतात आणि बहुतेक प्रेमाने दिलेल्या असतात. मात्र बाळाच्या झोपेच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला याच्या उलट आहे. पहिल्या वर्षात बाळाच्या अंथरुणावर जितक्या कमी वस्तू, तितकी त्याची झोप सुरक्षित.

धोका नेमका कशाचा?

वरवर निरोगी दिसणाऱ्या, एक वर्षाच्या आतील बाळाचा झोपेत मृत्यू होतो आणि पूर्ण तपास करूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्याला ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’ किंवा ‘सिड्स’ म्हणतात. याशिवाय मऊ अंथरुणात नाक-तोंड दबून गुदमरणे, फटीत अडकणे, गळ्याला दोरी लागणे अशा दुर्घटनाही होतात. एकट्या अमेरिकेत झोपेशी संबंधित अशा कारणांनी दरवर्षी सुमारे ३,५०० बाळे दगावतात. पहिले सहा महिने सर्वाधिक जोखमीचे असतात.

यामागे बाळाच्या शरीराची रचना आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव भाग असते आणि मानेत ते सावरण्याची ताकद नसते. श्वासनलिका अरुंद व मऊ असते. हनुवटी छातीवर टेकली तरी श्वासाची वाट आवळू शकते. मऊ उशीत तोंड गेले तर बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहते. मोठा माणूस अशा वेळी दचकून जागा होतो किंवा मान वळवतो. लहान बाळाला ते जमतेच असे नाही. हे सगळे आवाज न होता घडते, त्यामुळे शेजारी झोपलेल्यांनाही कळत नाही.

उताणे झोपवले तर दूध नाकात जाणार नाही का?

अनेक घरांत याच भीतीने बाळाला कुशीवर किंवा पालथे झोपवतात. प्रत्यक्षात बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत जायला त्याला वर चढावे लागते. पालथे झोपवल्यावर हीच रचना उलटी होते. कुशीवर ठेवलेले बाळ सहज पालथे होते, म्हणून तीही स्थिती सुरक्षित मानली जात नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ मध्ये तिथे ‘बॅक टू स्लीप’ मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत तिथले सिड्सचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्यासाठी कोणालाही नवी वस्तू विकत घ्यावी लागली नव्हती.

दुकानात मिळते म्हणजे सुरक्षित असते का?

फिशर-प्राइस कंपनीचा ‘रॉक अँड प्ले’ हा तिरका झोपाळा २००९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. त्यात बाळे लवकर झोपत, म्हणून तो घरोघरी पोहोचला. तिरक्या जागेत डोके पुढे झुकण्याचा आणि बाळ वळून कापडात तोंड दबण्याचा धोका होता. तीसहून अधिक मृत्यूंची नोंद झाल्यावर एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने सुमारे ४७ लाख नग परत मागवले. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा इशारा देण्यात आला, तोवर या झोपाळ्याशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या १०० च्या आसपास गेली होती.

मे २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. झोपण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या वस्तू आणि पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायच्या गाद्या, म्हणजे बंपर, यांच्या विक्रीवर बंदी आली. अशाच रचनेच्या वस्तू इतर नावांनी ऑनलाइन दिसल्या, तर हा इतिहास लक्षात ठेवणे उपयोगी. ‘लाखो आयांची पसंती’ किंवा पंचतारांकित रेटिंग म्हणजे सुरक्षेची चाचणी नव्हे.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मात्र पाळण्याला टांगलेल्या खेळण्यावर तो मार्क असला, तरी त्यावरून पाळणा सुरक्षित आहे असे ठरत नाही.

पाळणा आणि खाट कशी निवडावी?

तळ सपाट आणि घट्ट हवा. गादीवर हाताने दाबून सोडल्यावर खळगा राहत असेल, तर ती बाळासाठी मऊ आहे. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. कठड्याच्या दोन दांड्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर बाळाचे अंग बाहेर सरकून डोके अडकू शकते. पट्टीने मोजून पाहणे एका मिनिटाचे काम आहे. चादर गादीवर ताणून बसणारी हवी. सैल चादर गोळा होऊन तोंडावर येते.

पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला लाकडी पाळणा माळ्यावरून काढला असेल, तर हीच मापे त्यालाही लावावीत. शिवाय सैल खिळे, तडे, रंगाचे पोपडे आणि कड्या तपासाव्यात. झोका देऊन बाळ झोपले की पाळणा स्थिर करावा. एका बाजूला कलणारा पाळणा बाळाला कठड्याशी नेऊन दाबतो. चिमणाळे, मण्यांच्या माळा आणि दोऱ्या बाळाच्या हाताला येणार नाहीत इतक्या लांब ठेवाव्यात.

एका बाजूचा कठडा खाली सरकणारी जुनी खाट वापरू नये. कठडा निखळून बाळे अडकल्यामुळे अमेरिकेने २०११ मध्ये अशा खाटांच्या विक्रीवर बंदी घातली.

साडीच्या झोळीचे काय?

झोळीत बाळ पटकन शांत होते, हे खरे. पण कापडाचा तळ खोलगट असतो. बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीकडे येते आणि कापड तोंडाजवळ राहते. बाळ वळू लागले की हा धोका वाढतो. थोरली भावंडे झोळीत बसून गोल फिरतात, तेव्हा साडीचा पीळ गळ्याला बसल्याच्या दुर्घटनाही झाल्या आहेत. त्यामुळे झोळी वापरायचीच असेल तर मोठे माणूस समोर असतानाच वापरावी आणि डोळा लागला की बाळाला सपाट अंथरुणावर ठेवावे. रॉकर, बाउन्सर आणि गाडीतल्या कारसीटलाही हाच नियम लागू होतो. प्रवासात कारसीट आवश्यकच आहे, पण घरी आल्यावर त्यात बाळाला झोपलेले ठेवू नये.

मोहरीची उशी, लोड, दुलई

डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी दिली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत असा इशारा दिला. पहिल्या वर्षात बाळाला कोणत्याच उशीची गरज नसते. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी झोपवताना मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवावी आणि बाळ जागे असताना कोणाच्या तरी नजरेखाली थोडा वेळ पालथे खेळवावे.

बाजूचे लोड आणि बाळाला एका जागी ‘धरून ठेवणाऱ्या’ वस्तूही नकोत. अशा वस्तूंमुळे १३ वर्षांत १२ बाळे दगावल्याची नोंद देत अमेरिकी यंत्रणांनी २०१० मध्येच पालकांना सावध केले होते.

भेट आलेली दुलई किंवा गोधडी फेकून द्यायची गरज नाही. बाळ जागे असताना खेळवण्यासाठी, मालिशीच्या वेळी खाली अंथरण्यासाठी ती उपयोगी पडते. घरातल्या मोठ्यांना सांगतानाही ‘उशी आत्ता नको, वर्षानंतर वापरू’ असे म्हटले तर कोणाचे मन दुखावत नाही.

थंडी, डास आणि दुपटे

पांघरुणाऐवजी अंगभर कपडे घालावेत. मोठ्यांना त्या खोलीत जितके कपडे लागतात, त्यापेक्षा फार तर एक थर जास्त. मानेमागे किंवा छातीला घाम असेल, तर बाळाला उकडते आहे. घरात झोपताना टोपडे किंवा कुंची काढून ठेवावी. कमी वजनाच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळांबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे.

दुपट्यात गुंडाळताना छातीवर आवळू नये आणि पाय हलवता येतील इतके सैल ठेवावे, नाहीतर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. बाळ वळण्याचा प्रयत्न करू लागले की गुंडाळणे बंद करावे. वजनदार ब्लँकेट वापरू नये.

मच्छरदाणी आपल्याकडे गरजेचीच आहे. ती ताणून बसवलेली, कडा खोचलेल्या आणि तोंडापासून दूर हवी. खोलीत धूर नको. डासांची कॉइल, धुरी आणि सिगारेट तिन्ही टाळावे.

एका खोलीचे घर असेल तर?

सहा महिने बाळाने आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावे, असा सल्ला दिला जातो. त्यासाठी महागडी खाट लागत नाही. आईच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर पातळ, घट्ट गादी आणि ताणलेली चादर एवढे पुरते. भिंत किंवा कपाटाशी फट नको आणि प्लास्टिकच्या पिशव्या, वायरी आसपास नकोत. रात्री पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यावर बसू नये. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणे सर्वांत धोक्याचे मानले जाते. जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावे.

श्वास किंवा ठोके मोजणारे मोजे आणि मॉनिटर घेतले म्हणून या गोष्टी सोडता येत नाहीत. अशा उपकरणांनी सिड्स टळतो असे सिद्ध झालेले नाही.

खरेदीआधी थोडक्यात

• तळ सपाट आणि घट्ट आहे का?
• गादीभोवती दोन बोटांपेक्षा जास्त फट आहे का?
• दांड्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या आत आहे का?
• उशी, लोड, बंपर, दुलई, मऊ खेळणी बाहेर ठेवली आहेत का?
• दोरी, नाडी, वायर बाळाच्या हाताला येते का?
• बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, आजी-आजोबा आणि पाळणाघरातल्या ताईंसह, ‘दर वेळी उताणेच’ हे माहीत आहे का?