पाटी आणि घर

पुरुषोत्तमनगरच्या माणसाने पत्त्याचा गर्व करू नये. साखर कारखाना जागचा तसूभर हलला नाही, पण १ जुलै १९९८ला आम्ही धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्ह्यात आलो. आमच्या शहादा तालुक्याला त्याची सवयच आहे म्हणा. १९०६ साली खानदेशाच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो पश्चिम खानदेशात पडला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्या पश्चिम खानदेशाचेच धुळे झाले. तरी जुन्या पत्त्याचे पाकीट बरोबर पोचते. पोस्टमन ओळखतो, पत्ते दोन असले तरी घर एकच आहे!

कॉम्प्युटरला ही अक्कल जरा उशिरा आली. तिथे फाइलचा पत्ता, म्हणजे पाथ, आपल्यासारखाच जिल्हा, तालुका, गाव असा उतरत येतो. सिम्बॉलिक लिंक ही त्यातली नुसती पाटी. पोटात मजकूर एवढाच, 'अमुक पत्त्यावर चौकशी करावी.' मल्टिक्समध्ये असले दुवे साठच्या दशकातच होते. बर्कलेच्या युनिक्समध्ये ते ४.२ बीएसडीबरोबर १९८३ साली आले. आणि बिल जॉयने 'व्हीआय' हा एडिटर तिथेच १९७६ साली लिहायला घेतलेला. थोडक्यात, सून आधी नांदायला आली आणि सासू मागाहून.

मग भांडणे व्हायचीच. सावध एडिटर मूळ फाइलीवर गिरगटत नाही. शेजारी नवी प्रत लिहितो आणि जुनीच्या जागी सरकवतो. मध्येच लाइट गेली तरी जुने शाबूत. आम्हा लेजरवाल्यांना हे फार पटते. पण हातात पाटीचा पत्ता असला, तर पाटी उखडून तिच्या जागी नवे घर उभे राहते आणि खरी फाइल तशीच शिळी राहते. तुम्ही 'सेव्ह झाले' म्हणून चहाला जाता, प्रोग्रॅम जुनेच वाचत बसतो, आणि चूक झाल्याची चिठ्ठीसुद्धा येत नाही. बँकेत निदान टोटल जुळत नाही म्हणून रात्री आठपर्यंत बसवून तरी घेतात!

उपाय पोस्टमनचाच: आधी पाट्या वाचत थेट घरापर्यंत जायचे, प्रतीची अदलाबदल तिथे करायची. एकच फाइल दोन नावांनी उघडली, तर ईमॅक्स ओळखून सांगतोही, की बाबा, या दोन्ही एकच आहेत. नाहीतर जो शेवटी सेव्ह करील त्याचे खरे, पहिल्याची मेहनत पाण्यात.

आता पहिल्या पाटीने दुसरीकडे धाडले आणि दुसरीने परत पहिलीकडे, तर? लिनक्स चाळीस पाट्या मोजतो आणि सरळ हात टेकतो. चाळीस! आमचे पेन्शनर तेवढ्या खिडक्या जेवणाच्या सुट्टीआधी करतात.